लसिका ग्रंथीतल्या परक्या पेशी

पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. हाताला गळू झालं तर काखेत दुखतं, दाढ किडली तर जबड्याखाली गाठ लागते. सुजते ती लसिका ग्रंथी. एरवी ती वालाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान असते आणि चाचपूनही सापडत नाही. माणसाच्या शरीरात अशा सुमारे 600 ग्रंथी असतात. त्यांतल्या वीस-तीस एकेका काखेतच. पेशींच्या भोवती झिरपलेला द्रव म्हणजे लसिका. ती बारीक नळ्यांतून या ग्रंथींकडे येते, एकीतून दुसरीकडे जाते आणि शेवटी मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत रक्ताला मिळते. वाटेतली प्रत्येक ग्रंथी म्हणजे एक तपासणी नाका. जंतू, मेलेल्या पेशींचे तुकडे, गोंदण्यातली शाई, खाणकामगाराच्या फुप्फुसातली धूळ, सगळं इथे अडकतं.

कर्करोगही याच वाटेने पसरतो. स्तनातला काखेत जातो, तंबाखूने गालात किंवा जिभेवर झालेला मानेत उतरतो, गर्भाशयमुखाचा ओटीपोटातल्या ग्रंथींत पोहोचतो. म्हणून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मूळ गाठीबरोबर आसपासच्या ग्रंथीही काढतात. पॅथॉलॉजिस्ट त्या मेणात बसवतो, केसाहून कितीतरी पातळ काप काढतो, रंग देतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. शोधायचं असतं ते एवढंच की इथे परकं कोणी आहे का. लसिका ग्रंथीत पांढऱ्या पेशींची दाटी असते. तिथे एखादी गोल नळी किंवा अस्तराच्या पेशींचा पुंजका दिसला, तर तो बाहेरून आला असणार आणि मूळ गाठीतूनच आला असणार, असं मन लगेच म्हणतं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण काही वेळा त्या पेशी परक्या असूनही निरोगी असतात. गर्भनलिकेचं अस्तर ओटीपोटातल्या ग्रंथीत, लाळग्रंथीच्या नळ्या मानेतल्या ग्रंथीत, त्वचेवरच्या तिळाच्या पेशी काखेतल्या ग्रंथीत. त्या वाढत नाहीत, पसरत नाहीत, माणसाला काही त्रास देत नाहीत. दुसऱ्या कारणाने ग्रंथी काढली नसती तर त्या कुणाला कळल्याही नसत्या. विषय फार बारीक आहे आणि पॅथॉलॉजीच्या पुस्तकांबाहेर तो क्वचित येतो. तरी त्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण या पेशी ओळखता आल्या नाहीत तर ज्या बाईचा रोग पहिल्या टप्प्यातला आहे तिला तिसऱ्या टप्प्याचा शिक्का बसू शकतो.

या पेशी सापडायला शस्त्रक्रियाच कारण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नुसतं गर्भाशय काढून भागत नाही, रोग परत येतो, हे डॉक्टरांच्या लक्षात येत होतं. शिकागोत काम करणारे एमिल रीस हे ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही काढायला हव्यात असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी 1898 पासून ही मोठी शस्त्रक्रिया पद्धतशीर करायला सुरुवात केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ लागताच कोडं समोर आलं. 1897 मध्ये रीस यांनीच अशा ग्रंथींत नळीसारख्या रचना दिसल्याची नोंद केली. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा सपाट पेशींचा असतो, तो पत्रे रचल्यासारखा वाढतो. या नळ्या तशा अजिबात दिसत नव्हत्या. त्यांच्या भिंतीत एकाच थराच्या शांत, नीटस पेशी होत्या. मग त्या आल्या कुठून?

उत्तराचा एक मोठा तुकडा न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावच्या जॉन सॅम्पसन या स्त्रीरोगतज्ज्ञाने दिला. गर्भाशयाचं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजतं त्या आजाराला आपण आज एंडोमेट्रिओसिस म्हणतो, आणि तो समजून घेण्यात सॅम्पसन यांचा वाटा फार मोठा आहे. पाळीच्या वेळी अस्तराचे कण गर्भनलिकांतून उलटे पोटात जातात, ही त्यांची मांडणी आजही शिकवतात. असे कण लसिकेच्या वाटेनेही जातात, हेही ते मांडत होते. पुढे 1930 मध्ये गर्भनलिकेच्या अस्तरासारख्या ऊतीसाठी त्यांनी एंडोसाल्पिंजिओसिस हे नाव वापरलं. ओटीपोटातल्या ग्रंथींत सर्वांत जास्त वेळा सापडतं ते हेच.

ते ओळखायचं कसं? गर्भनलिकेच्या अस्तरात काही पेशींना हलणारे बारीक केस असतात, ते बीजांड पुढे सरकवतात. काही पेशी स्राव करतात, आणि मधूनमधून बारीक खुंटीसारख्या पेशी बसलेल्या असतात. लसिका ग्रंथीत सापडलेल्या नळीतही हाच तिहेरी मेळ दिसतो. ते केस शाबूत दिसले की पॅथॉलॉजिस्टचा जीव भांड्यात पडतो, कारण कर्करोगाच्या पेशी सहसा हे केस राखत नाहीत. या पेशी विभागताना दिसत नाहीत, त्यांची केंद्रकं एकसारखी असतात आणि नळीच्या बाहेरची ऊती कुरतडलेली नसते. पॅक्स-8 नावाच्या प्रथिनाची चाचणी केली तर ती होकारार्थी येते, म्हणजे त्यांचा वंश गर्भनलिका-गर्भाशयाचा असल्याचं कळतं. पण कर्करोग अंडाशयाचा असेल तर या चाचणीचा काही उपयोग नाही, कारण अंडाशयाच्या बहुतेक कर्करोगांतही तेच प्रथिन असतं. तिथे शेवटी माणसाचा डोळाच निर्णय करतो.

अंडाशयाच्या काही गाठी धड साध्या नसतात आणि धड कर्करोगाच्याही नसतात. डॉक्टर त्यांना सीमारेषेवरच्या म्हणतात. अशा गाठी झालेल्या बायकांच्या लसिका ग्रंथींत एंडोसाल्पिंजिओसिस बरेचदा सापडतं. मग ग्रंथीतली नळी गाठीतून आली, की ती आधीपासूनच तिथे होती, की ग्रंथीतच निरोगी नळीतून स्वतंत्र गाठ तयार होऊ लागली आहे? तिन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि तिन्हींची उदाहरणं वैद्यकाच्या नोंदींत आहेत. निर्णयाचं वजन किती, ते टप्प्यांवरून कळतं. 2018 पासून वापरात आलेल्या वर्गीकरणात गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटातल्या ग्रंथीपर्यंत गेला की मूळ गाठ कितीही लहान असो, टप्पा तिसरा धरतात. अर्ध्या मिलिमीटरची नळी चुकीची वाचली तर औषधं बदलतात, किरणोपचार वाढतात आणि घरातल्या सगळ्यांची पुढची काही वर्षं बदलतात.

याच भागातला आणखी एक प्रकार सांगण्यासारखा आहे. गरोदरपणात गर्भाशयाचं अस्तर फुगतं, त्यातल्या पेशी मोठ्या, गुलाबी आणि भरल्या दिसू लागतात. हार्मोन मात्र सगळ्या शरीरात फिरत असतात. त्यामुळे काही गरोदर बायकांच्या ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींतही तशाच फुगलेल्या पेशींची बेटं तयार होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गरोदरपणात शस्त्रक्रिया करावी लागली आणि ग्रंथी काढल्या, तर ही बेटं सपाट पेशींच्या कर्करोगासारखी दिसू शकतात. बाई गरोदर होती एवढं एक वाक्य तपासणीच्या कागदावर लिहिलेलं असलं तरी ही चूक टळते. आपल्याकडे तो कागद अनेकदा घाईत भरला जातो, वय आणि अवयवाचं नाव एवढंच लिहून पाठवला जातो. माझ्या मते, महागड्या चाचण्यांच्या आधी ही एक गोष्ट सुधारायला हवी.

आता काखेकडे येऊ. 1931 मध्ये स्टुअर्ट आणि कोपलंड या अमेरिकी डॉक्टरांनी लसिका ग्रंथीत तिळाच्या पेशी सापडल्याची नोंद केली. तीळ म्हणजे रंगपेशींच्या कुळातल्या पेशींचा त्वचेतला निरुपद्रवी पुंजका. याच कुळातून मेलॅनोमा हा अतिशय घातक कर्करोगही होतो, म्हणून ग्रंथीत अशा पेशी दिसणं भीतिदायक वाटणारच. तरी त्यांची जागा बहुतेक वेळा त्यांची ओळख पटवते. लसिका ग्रंथीला बाहेरून पातळ तंतूंचं आवरण असतं आणि त्याच्या लगेच आत एक अरुंद पोकळी. बाहेरून येणारा लसिकेचा प्रवाह आधी या पोकळीत पडतो, त्यामुळे प्रवाहाबरोबर आलेल्या कर्करोगाच्या पेशी आधी इथेच दिसतात. तिळाच्या पेशी मात्र बहुधा आवरणाच्या तंतूंतच, किंवा आवरणातून आत गेलेल्या पडद्यांत, चपट्या होऊन बसलेल्या असतात.

त्या तिथे पोहोचल्या कशा, यावर दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे गर्भावस्थेत रंगपेशी पाठीच्या कण्याजवळच्या एका पट्टीतून निघून त्वचेकडे प्रवास करतात, तेव्हा काही वाटेतच थांबतात. दुसऱ्या मताप्रमाणे त्वचेतल्या तिळातून काही पेशी लसिकेबरोबर वाहत येतात. मला दुसरं मत अधिक पटतं. कारण असे पुंजके त्वचेकडून लसिका घेणाऱ्या ग्रंथींत, म्हणजे काख, मान आणि जांघ इथेच सापडतात, पोटातल्या खोल ग्रंथींत जवळजवळ नाहीतच. पहिलं मत खरं असतं तर ते इतके त्वचेच्या बाजूने झुकले नसते. शिवाय त्वचेतल्या साध्या तिळांच्या आत काही वेळा लसिकेच्या बारीक नळीत शिरलेल्या पेशी दिसतातही. याचा अर्थ आपल्या जुन्या समजुतीला धक्का देणारा आहे. लसिकेतून दूर जाणं ही कर्करोगाचीच खूण आपण मानत आलो. इथे तर निरोगी पेशीही तेच करतात. पोहोचल्यानंतर त्या वाढत नाहीत, एवढाच फरक, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच सगळा फरक.

या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागल्या त्या 1990 नंतर. मेलॅनोमाच्या रुग्णांत सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजी मूळ गाठीकडून लसिका पहिल्यांदा ज्या ग्रंथीत पोहोचते तेवढीच शोधून काढायची, ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडली. निळा रंग टोचायचा आणि तो कुठल्या ग्रंथीत जातो ते पाहायचं. या पहिल्या ग्रंथीला सेंटिनल नोड म्हणतात. लगेचच स्तनाच्या कर्करोगातही ही पद्धत आली आणि आज मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ती नेहमीची आहे. बायकांवर तिचे मोठे उपकार आहेत, कारण काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर हात सुजण्याची भीती असते. ती सूज अनेक जणींना आयुष्यभर सांभाळावी लागते.

पण एकच ग्रंथी काढायची तर ती फार बारकाईने पाहावी लागते. पूर्वी एका ग्रंथीचा एखादा काप पाहत, आता अनेक काप घेतात आणि अस्तराच्या पेशींतलं केरॅटिन दाखवणारी खास चाचणीही करतात. इतकं शोधल्यावर कर्करोगाच्या पेशी अधिक सापडतात, आणि निरोगी पण परक्या पेशीही अधिक सापडतात. काखेतल्या ग्रंथीत क्वचित निरोगी स्तनाच्या नळ्याच मिळतात. त्यांच्या भिंतीला दोन थर असतात, बाहेरचा थर आकुंचन पावू शकणाऱ्या पेशींचा. हा बाहेरचा थर दिसला तर ती नळी निरोगी मानता येते, कारण पसरणाऱ्या कर्करोगात तो उरत नाही. बायोप्सीची सुई गाठीत फिरली की काही पेशी सुटून लसिकेबरोबर ग्रंथीत जाऊन पडतात, हाही एक प्रकार आहे. त्यांच्याजवळ बहुधा जुन्या रक्ताचे डाग आणि ते गिळणाऱ्या पेशी सापडतात. आणि गंमत म्हणजे लसिका ग्रंथीच्या स्वतःच्या जाळीतल्या काही पेशीही केरॅटिनची चाचणी होकारार्थी देतात. यंत्राने रंग दाखवला म्हणून कर्करोग ठरत नाही, तो पेशींचा आकार पाहून ठरवावा लागतो.

खरी अडचण शस्त्रक्रिया चालू असताना येते. ग्रंथी गोठवून काप काढतात, अर्ध्या तासाच्या आत उत्तर द्यायचं असतं आणि रुग्ण टेबलावर असतो. गोठवलेल्या कापात बारकावे पुसट होतात, खास चाचण्यांना वेळ नसतो. तेव्हा निरोगी नळी रोगाची समजली गेली तर काखेतल्या सगळ्या ग्रंथी निघू शकतात. अलीकडे एक-दोन ग्रंथींत थोडा रोग असला तरी ठरावीक रुग्णांत काख रिकामी करत नाहीत, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला आहे. 0.2 मिलिमीटरपर्यंतच्या पेशींच्या पुंजक्याला तर स्तनाच्या कर्करोगाच्या वर्गीकरणात पसरलेला रोग म्हणून मोजतच नाहीत. तरी शंका असेल तर घाईत उत्तर न देता पक्क्या कापांसाठी थांबणारा पॅथॉलॉजिस्ट मला अधिक भरवशाचा वाटतो.

मेलॅनोमात ही परीक्षा आणखी अवघड, कारण तिळाच्या पेशी आणि मेलॅनोमाच्या पेशी कित्येक चाचण्यांत सारख्याच रंगतात. आता प्रेम नावाच्या एका प्रतिजनाची चाचणी उपयोगी पडते आहे (नाव इंग्रजी आद्याक्षरांचं, आपल्या प्रेमाशी संबंध नाही). मेलॅनोमाच्या पेशींत तो बहुधा असतो, ग्रंथीतल्या तिळाच्या पेशींत बहुधा नसतो. भारतीयांत मेलॅनोमा कमी, त्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरांना तिळाच्या पेशी भेटतात त्या मुख्यतः स्तनाच्या कर्करोगासाठी काढलेल्या काखेतल्या ग्रंथींत, जिथे त्यांची अपेक्षाच नसते.

मानेत दोन वेगळ्या कथा आहेत. कानाखालची मोठी लाळग्रंथी गर्भात तयार होताना तिचं आवरण उशिरा बनतं. त्यामुळे तिच्या आत आणि भोवती तयार होणाऱ्या लसिका ग्रंथींत लाळेच्या नळ्या अडकून राहतात. हे इतकं सामान्य आहे की त्याला दोष म्हणण्यापेक्षा घडणीचा भागच म्हणावं. अशाच अडकलेल्या नळ्यांतून, मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत, एक साधी गाठ होते असं मानतात. मिशिगनच्या आल्ड्रेड वॉर्थिन यांनी 1929 मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती वॉर्थिन गाठ म्हणूनच ओळखली जाते.

दुसरी कथा थायरॉइडची, आणि ती इशारा देणारी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानेच्या बाजूच्या ग्रंथींत थायरॉइडची ऊती सापडली की डॉक्टर म्हणत, गर्भात असताना वाट चुकलेला हा तुकडा आहे. रुग्ण पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहत, त्यामुळे समज पक्का होत गेला. 1942 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या किंग आणि पेंबर्टन यांच्यासारख्या डॉक्टरांनी या समजाला प्रश्न विचारले. त्याच बाजूच्या थायरॉइडचे बारीक काप घेतले की आत लहानसा कर्करोग सापडत होता. ग्रंथीत होता तो वाट चुकलेला तुकडा नव्हताच, पसरलेला कर्करोग होता. पॅपिलरी प्रकारचा हा कर्करोग इतका संथ वाढतो की माणसं त्याच्यासह दीर्घकाळ जगतात, आणि त्यामुळेच सगळे फसले होते. आज मानेच्या ग्रंथीत थायरॉइडची ऊती दिसली तर आधी कर्करोग धरून शोध घेतात. आवरणाखाली दोन-चार लहान, साध्या पिशव्या असतील, पेशींची केंद्रकं पॅपिलरी कर्करोगासारखी फिकट व खाचदार नसतील, थायरॉइडमध्येही काही सापडत नसेल, तरच ती निरुपद्रवी मानायची, आणि तेही सावधपणे.

तेव्हा जागेचा नियम आणि पेशींचा चेहरा यांपैकी कुठल्याही एकावरच विसंबता येत नाही. कर्करोगही कधी आवरणात शिरतो, तिळाच्या पेशीही कधी ग्रंथीच्या गाभ्यात दिसतात. सर्वांत खात्रीची तुलना मूळ गाठीशीच होते: ग्रंथीतल्या पेशी आणि मूळ गाठीतल्या पेशी शेजारी ठेवून पाहायच्या. त्या एकमेकींसारख्या नसतील तर थांबून विचार करायचा. यासाठी मूळ गाठीची स्लाइड हाताशी हवी. एका रुग्णालयात बायोप्सी, दुसऱ्यात शस्त्रक्रिया आणि तिसऱ्या प्रयोगशाळेत ग्रंथी, असं आपल्याकडे सर्रास होतं. मग ही तुलना करायला कोणाकडेच दोन्ही स्लाइड्स नसतात.

आपल्या घरात कोणाची बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर अहवालाच्या कागदाबरोबर मेणातले ब्लॉक आणि स्लाइड्सही मागून घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा. अहवालात ग्रंथीत 'बिनाइन इन्क्लूजन' असं लिहिलं असेल तर ते निरुपद्रवी पेशींबद्दल आहे, रोग पसरल्याबद्दल नाही. तरी डॉक्टरांना विचारून खात्री करा. एकाच लहानशा पुंजक्यावर मोठ्या उपचाराचा निर्णय अवलंबून असेल तर ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी बाहेरच्या स्लाइड्स आणि ब्लॉक तपासून मत देतात. त्यासाठी काही दिवस थांबावं लागलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस थांबा.